नळाखालची जमीन

ज्या नळाला आमच्या घरमालकांच्या बाबांनी हात लावलेला नाही, असा नळ इथे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनपासून टौरंगापर्यंत शोधून सापडायचा नाही. हे मी कौतुकानं लिहितेय, तक्रार म्हणून नाही. त्यांचा मुलगा हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यात इंजिनिअर आहे. मी त्याला दादा म्हणते आणि त्याच्या घराची मागची खोली भाड्यानं घेऊन विद्यापीठात पर्यावरणाचा अभ्यास करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काहीही लिहायला घेतलं की आधी वाटतं, हे आपण लिहिलं तर चालेल ना, कुणाला तरी विचारायला हवं. म्हणून त्याच्या बाबांनाच, म्हणजे माझ्या काकांनाच, फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण मोघम लिहू नकोस. मोघम लिहिणारा माणूस जागेवर गेलेलाच नसतो."

काका पाणीपुरवठा खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत, पण ते फक्त कागदावर. व्हिसा मिळेल तसे ते आणि काकू पुण्याहून मुलाकडे येतात. इतर घरांतले आजी-आजोबा आले की बागेत फिरतात, नातवंडांना शाळेत सोडतात, व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या पावसाची चौकशी करतात. काका नळ बघतात. एकदा माउंट वेलिंग्टनच्या मोठ्या मॉलमध्ये ते अर्धा तास दिसेनात. दादा शोधत शोधत स्वच्छतागृहात गेला, तर काका ओळीनं लावलेल्या नळांसमोर हात पुढे-मागे करत उभे होते. त्या नळांना फिरवायची चावीच नव्हती. हात धरला की पाणी यायचं, काढला की बंद. काका प्रत्येक नळाचे सेकंद मोजत होते. "पहिला सहाला थांबतो, दुसरा आठला. हा शेवटचा तर थांबायचं नावच घेत नाही. कुणाला कळवायचं?" दादा म्हणाला, "बाबा, कुणालाच नाही. चला." काका निघाले, पण जाता जाता सफाई करणाऱ्या बाईंना त्यांनी हात जोडून "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हटलं आणि बोटानं तो शेवटचा नळ दाखवला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तो दुरुस्त झाला होता. त्या दिवशी काकांनी आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

टौरंगाला आम्ही समुद्र बघायला गेलो होतो. म्हणजे आम्ही समुद्र बघत होतो आणि काका किनाऱ्यावरच्या शॉवरपाशी उभे होते. मुलं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यातून यायची, अंगाची वाळू धुवायची आणि शॉवर तसाच गळता ठेवून पळायची. काका पुढे होऊन तो घट्ट बंद करायचे. डोक्याला गोल टोपी, शर्ट खोचलेला, पायात दादाचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. लोकांना ते नगरपालिकेचे कर्मचारी वाटले. येणारे-जाणारे "चीयर्स, मेट" म्हणत होते. घरी येताना काका गाडीत खुशीत होते. "इथं निरीक्षकाला मान आहे," ते म्हणाले. त्यांची सात वर्षांची नात ईरा मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीतच देते. ती मागून म्हणाली, "आजोबा, यू आर नॉट द शॉवर बॉस." काकांनी त्यावर तिला शॉवरचा वॉशर झिजतो कसा, हे हॅमिल्टन येईपर्यंत समजावून सांगितलं.

त्यांच्याकडे एक वही आहे. वरती ठिकाण, मग वस्तू, मग शेरा. शेरे तीनच: असमाधानकारक, समाधानकारक, आणि पुन्हा भेट द्यावी. घरातल्या गोष्टींनाही तेच लागू. काकू मला सांगायच्या, "लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. माझ्या पुरणपोळीला यांनी समाधानकारकच्या पुढे शेरा दिलेला नाही." त्यावर काका म्हणायचे, "अगं, समाधानकारकच्या पुढे शेराच नसतो."

तर असे हे काका माझ्याबरोबर एका बेटावर आले, त्याची ही गोष्ट आहे.

हॅमिल्टनमध्ये काही निवृत्त शिक्षक आणि दूध उत्पादक शेतकरी मिळून एक छोटा मदतगट चालवतात. प्रशांत महासागरातल्या एका गरीब देशात ते शाळांना पुस्तकं, दवाखान्यांना सामान आणि गावांना पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या देतात. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली माणसं संकोची आहेत आणि मला पुन्हा तिथे जायचंय. दरवर्षी गटातले दोघं-तिघं तिकडे जाऊन दिलेल्या गोष्टी कशा चालल्यात ते पाहतात. मागच्या वर्षी मला अभ्यासाचा भाग म्हणून जायची संधी मिळाली. प्रत्येक ठिकाणचा फॉर्म भरणं हे माझं काम होतं. जाणाऱ्यांपैकी एका शेतकऱ्याच्या गायी ऐन वेळी व्यायला आल्या आणि एक जागा रिकामी झाली. जेवताना मी हे सहज बोलले. 'टाकी' हा शब्द ऐकल्याबरोबर काकांचा घास हातातच राहिला. "किती लिटरची?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "मग तुझ्याबरोबर कुणीतरी जायला हवं," ते म्हणाले. दादा नको म्हणत होता. काकूंनी त्याला गप्प केलं. "जाऊ दे रे त्यांना. इथले नळ संपलेत."

आमची प्रमुख मार्गारेट. शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेली, उंच, मोठ्यानं हसणारी, बारा महिने जँडल्समध्ये. तिला कशाचीच काळजी वाटत नाही. विमानतळावर काकांच्या हातातल्या पिशवीत दीड फुटी पाना सापडला आणि तपासणीवाले गंभीर झाले, तेव्हाही ती "स्वीट ॲज", म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणत पुढे गेली, त्यांच्याशी बोलली आणि तो पाना सामानात टाकायला लावून आली. काका मला म्हणाले, "मॅडम आपल्या खात्यात असत्या तर मुख्य अभियंता झाल्या असत्या."

बेटावर आम्ही आधी एक शाळा पाहिली. शाळेत एक कपाट होतं आणि कपाटात न्यूझीलंडच्या आज्यांनी विणून पाठवलेल्या लोकरीच्या टोप्या होत्या. बाहेर इतकं ऊन होतं की मला छत्रीतही घाम फुटत होता. काकांनी शिक्षकांना विचारलं, या टोप्यांचं तुम्ही काय करता? शिक्षक लाजले. मग त्यांनी मागच्या खोलीत नेलं. तिथे प्रत्येक टोपीत कोंबडीची अंडी ठेवली होती, बाजारात नेताना फुटू नयेत म्हणून. मार्गारेट पोट धरून हसली. काकांनी मात्र वहीत गंभीरपणे 'समाधानकारक' लिहिलं. जेवायला अळकुड्या आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती. काका म्हणाले, "बघ, आपल्या फदफद्याला इथे भाऊ आहे." आणि तीनदा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही टाकीच्या गावी पोचलो. गावाचे दोन भाग होते, खालचा समुद्राजवळ आणि वरचा टेकडीवर. खालच्या भागात तीन वर्षांपूर्वी टाकी बसवली होती. वरच्या भागासाठी दुसरी टाकी मागितलेली होती आणि ती द्यायची की नाही, हे माझ्या फॉर्मवर ठरणार होतं. गटाचा नियमच तसा होता: पहिली वापरात असेल तर दुसरी मिळणार, नसेल तर दुसऱ्या गावाला. वरच्या वस्तीतल्या बायका ओढ्यावरून पाणी आणत. जोराचा पाऊस झाला की तो ओढा आठवडाभर गढूळ राहायचा आणि मुलं आजारी पडायची.

गावानं आम्हाला फुलांच्या माळा घातल्या, गाणं म्हटलं. गावप्रमुख खूप म्हातारे होते. सगळा दिवस ते आपल्या घराच्या पडवीत चटईवर बसलेले असत आणि टाकी बरोबर त्यांच्यासमोर, अंगणात उभी होती. काय टाकी होती. पुसून लख्ख, भोवती शंख-शिंपले मांडलेले, बाजूला जास्वंद. गावप्रमुख तिच्याकडे असे बघत होते, जसं कुणी घरातल्या शिकलेल्या मुलाकडे बघावं. "ही सगळ्या गावाची," ते म्हणाले. मार्गारेटनं आनंदानं फोटो काढले. मी फॉर्म काढला. 'वापरात आहे का?' यापुढे हो लिहायला पेन टेकवलंच होतं.

"थांब," काका मराठीत म्हणाले.

त्यांनी टाकीवर वरपासून खालपर्यंत बोटाच्या पेरानं टकटक केली. वरपासून खालपर्यंत एकच आवाज. टाकी काठोकाठ भरलेली होती. मग नळ फिरवला, तर तो फिरेना. पाना काढून फिरवला तेव्हा एकदाचा कुरकुरत उघडला. मग ते उकिडवे बसले आणि नळाखालच्या मातीवर हात ठेवला. "कोरडी आहे," ते हळूच म्हणाले. "गवत उगवलंय. अगं, जिथे रोज पन्नास बादल्या भरतात तिथे चिखल असतो, शेवाळ असतं, बदकं येतात. इथे तीन वर्षांत कुणी बादली ठेवलेली नाही."

गावप्रमुख माझ्याकडे बघून हसत होते. मी हो लिहिलं तर खोटं, नाही लिहिलं तर वरच्या वस्तीची टाकी गेली. मी काकांना म्हटलं, "आता काय लिहू?"

"आज काहीच लिहू नकोस. उद्या सकाळी बायका पाण्याला जातील, त्यांच्याबरोबर जा. मला कुणी सांगणार नाही. तुला सांगतील."

सकाळी मी एक बादली मागून घेतली आणि गेले. दोन्ही वस्त्यांच्या बायका ओढ्यावर येत होत्या. त्यांत तालिया होती, शाळेत लहान मुलांना शिकवणारी, माझ्याच वयाची. मला भरलेली बादली खांद्यावर घेता येत नाही हे पाहून सगळ्याजणी हसल्या. मग मी विचारलं, खाली टाकी असताना तुम्ही इथे का येता? बाकीच्या बादल्या विसळायला लागल्या. मग तालिया म्हणाली, "म्हातारबाबा बसलेले असतात ना समोर."

मला काही कळलं नाही. तिनं मला करून दाखवलं. तिथला रिवाज असा, की वडीलधारं माणूस खाली बसलेलं असेल तर त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं नाही. वाकून, जवळजवळ बसत बसत पुढे जायचं. "आता भरलेली बादली घेऊन असं चालून दाखव," ती म्हणाली. मी प्रयत्न केला आणि निम्मं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. पुन्हा हशा पिकला.

"मग ते आत का बसत नाहीत?"

"कसे बसतील? टाकी आल्यापासून ते तिथेच बसतात. तिला काही होऊ नये म्हणून. फार चांगले आहेत. त्यांना हे कोण सांगणार?"

मी परत आले तेव्हा काका नीरफणसाच्या झाडाखाली बसले होते. मी सांगायला लागले. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला. "कळलं. मला कालच वाटलं होतं." मग ते बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. पुढचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

"पहिल्या नेमणुकीला मी चोवीस वर्षांचा होतो. गावात सार्वजनिक नळ बसवायचा होता. सरपंचांनी आपली जागा दिली, अगदी ओट्यासमोर. मला वाटलं, केवढा मोठा माणूस. त्या ओट्यावर दिवसभर गावातले बाप्ये बसायचे. सुना कशा येणार तिथे हंडे घेऊन? त्या नदीकाठच्या जुन्या विहिरीवरच जात राहिल्या. मी अहवालात लिहिलं, योजना यशस्वी. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवरून एक बाई घसरून पडली. पाय कायमचा अधू झाला. तिचं नावसुद्धा मी कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून मी आधी नळाखालची जमीन बघतो."

हे त्यांनी काकूंना सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही. मी एवढंच म्हटलं, "मग फॉर्मवर काय लिहायचं?"

"जे आहे ते. पण आधी जरा काम करू."

ते उठले, शर्ट नीट खोचला आणि गावप्रमुखांच्या पडवीकडे निघाले. पडवीच्या पायरीखाली, मातीवर, ते मांडी घालून बसले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखत असताना. मी आणि तालिया मागे बसलो. काका त्यांच्या इंग्रजीत बोलत होते, तालिया तिकडच्या भाषेत सांगत होती.

"साहेब, आमच्या लोकांकडून एक चूक झाली आहे. इंजिनिअरची चूक. टाकी योग्य जागी आहे. पण नळ टाकीला इतका चिकटून नसावा. तो लांब हवा, त्या झाडापलीकडे. पाइपानं नेता येईल. तुमची परवानगी असेल तर आज करतो."

गावप्रमुखांनी काकांकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग झाडाकडे, जिथून ओढ्यावरच्या बायकांची वाट येत होती. मग तालियाकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, सगळं बिघडलं. त्या म्हाताऱ्या माणसाला कळलं होतं, हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. मग ते सावकाश बोलले आणि तालियानं सांगितलं:

"ते म्हणतात, मी इथेच बसेन. मला टाकी दिसली पाहिजे. नळ दिसला नाही तरी चालेल."

चर्चच्या पडवीत तीन वर्षांपूर्वीचा उरलेला पाइप पडून होता. उतार बरोबर राहावा म्हणून पातळी बघायला पारदर्शक नळी हवी होती. मार्गारेटनं माशांची टाकी साफ करायची नळी कुणाकडून तरी पैदा केली. काका तिचं एक टोक धरून उभे, दुसरं टोक मार्गारेटकडे, आणि मधे काका ओरडताहेत, "मॅडम, खाली. अजून खाली. हे काय, वर नाही, खाली." "युवर काका इज हीप्स ऑफ फन," मार्गारेट मला म्हणाली. तिच्या गुडघ्यापर्यंत माती होती. गावातल्या माणसांनी चर खणला. दुपारी नवा नळ बसला, सगळे जमले, काकांनी तो उघडला आणि थेंबही आला नाही.

काकांचा चेहरा पाहवेना. ते पाइपावरून पावलं टाकत मागे गेले, झाडाच्या मुळाशी थांबले, जिथे पाइप जरासा वर उचललेला होता. "हवा अडकलीय," ते म्हणाले. मुळाखालची माती स्वतः हातानं उकरली आणि पाइप खाली बसवला. नळ आधी खोकला, मग शिंकला, मग पाणी आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईनं बादली पुढे केली, तिच्यामागे दुसरीनं. पाच मिनिटांत तिथे रांग लागली आणि रांगेत भांडण सुरू झालं. काका खूश होऊन म्हणाले, "आता हा खरा नळ झाला."

फॉर्मवर मी लिहिलं: आलो तेव्हा नळ वापरात नव्हता, जागा आम्ही चुकीची निवडली होती, निघालो तेव्हा वापरात होता. ते वाचून मार्गारेट म्हणाली, "आम्ही सगळ्याच गावांत टाकी प्रमुखाच्या दारात बसवलीय. मान म्हणून." हॅमिल्टनच्या बैठकीत तिनं तो कागद स्वतः वाचून दाखवला. मी मागच्या खुर्चीत बसले होते. एका शेतकऱ्यानं विचारलं, "नियमाप्रमाणे हे हो आहे की नाही?" मार्गारेट म्हणाली, "नियमाप्रमाणे ही आपली चूक आहे." वरच्या वस्तीची टाकी मंजूर झाली. जागा तिथल्या बायकांनी ठरवायची, असंही लिहून घेतलं.

तोवर काकांचा व्हिसा संपून ते आणि काकू पुण्याला गेले होते. यंदा डॉक्टरांनी काकांना एवढ्या लांबच्या प्रवासाला नाही म्हटलंय. नवी टाकी बसली आहे आणि ती पाहायला पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे, या वेळी गटाची प्रमुख म्हणून. मार्गारेटनंच नाव सुचवलं. मला नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून हो गेलं. काल काकांना फोन केला. मी वही उघडून, पेन घेऊन बसले होते. काय काय तपासू, कुठून सुरुवात करू, पाना नेऊ का, सगळं विचारलं.

"टाकी नंतर बघ," ते म्हणाले. "आधी खालच्या वस्तीत जा आणि त्या म्हातारबाबांजवळ जाऊन बस. घाई करू नकोस. नळ तिकडे गेल्यापासून बायका-पोरं सगळी झाडापलीकडे जमत असतील. त्यांना नुसता आवाज येत असेल."

मी हो म्हटलं. मग विचारलं, "तुम्ही कुठे आहात काका? घरातच?"

"गॅलरीत बसलोय," काका म्हणाले. "इथून सोसायटीची टाकी दिसते."